सोसायटीची शिडी आणि हरवलेली डीएलएल

कॉम्प्युटरचे बहुतेक एरर मेसेज वाचून हाती काही लागत नाही. 'काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा' छापाचे असतात. त्या मानाने 'अमुक डीएलएल सापडली नाही, म्हणून प्रोग्राम सुरू करता येत नाही' हा मेसेज भलताच प्रामाणिक आहे. कोण अडलंय आणि कशावाचून अडलंय, दोन्ही सांगून टाकतो. तरीही लोकांना भलत्या वाटेला लावण्यात ह्याचाच नंबर वरचा. कारण वाचणारा लगेच म्हणतो, फाइल नाहीये ना? मग आणा कुठूनतरी!

तर आधी ही फाइल असते काय ते बघू. सोसायटीत एक शिडी असते. वर्षातून दोनदा पंखा पुसायला लागते, त्यासाठी प्रत्येक फ्लॅटवाला स्वतःची शिडी घेत नाही. खाली ऑफिसात एक ठेवलेली असते, लागेल त्याने न्यावी. प्रोग्राम्सचंही तसंच. आकडे छापणं, अक्षरं जोडणं, फाइल उघडणं ही कामं सगळ्यांनाच लागतात. म्हणून ती एकदाच लिहून एका सामायिक फाइलीत ठेवतात. विंडोजवर तिला डीएलएल म्हणतात, लिनक्सवर तिच्या नावात 'एसओ' असतं. प्रोग्राम फक्त 'मला ही शिडी लागेल' एवढं लिहून ठेवतो आणि सुरू होताना शोधतो. नाही सापडली, की आपला तो मेसेज.

ह्या व्यवस्थेचे तोटे १९९० च्या दशकात विंडोजवाल्यांनी पुरेपूर भोगले. नवा प्रोग्राम टाकला की तो बिनदिक्कत सिस्टिमच्या फोल्डरमध्ये स्वतःची डीएलएल ठेवून जायचा, कधीकधी आधीच्यापेक्षा जुनीसुद्धा. म्हणजे नव्या भाडेकरूने सोसायटीची आठ फुटी शिडी काढून तिथे आपली पाच फुटी ठेवली. त्याचं भागलं, बाकीचे पंख्याकडे बघत बसले. ह्या प्रकाराला 'डीएलएल हेल' असं रीतसर नावच पडलं. पुढे विंडोज २००० ने सिस्टिमच्या फाइलींना संरक्षण दिलं आणि २००१ च्या एक्सपीने एकाच डीएलएलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली. भांडणं कमी झाली, पण शिडी हरवणं काही थांबलं नाही.

माझ्या मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. बिलिंगचा प्रोग्राम जुना, पण सगळ्या गिऱ्हाइकांची उधारी त्यात. एके दिवशी तो उघडेना. एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही म्हणे. गावातल्या दुरुस्तीवाल्याने इंटरनेटवरच्या कुठल्यातरी 'मोफत डीएलएल' साइटवरून त्या नावाची फाइल आणून प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये टाकली. मेसेज बदलला! आता ०एक्ससी०००००७बी असा मंत्र यायला लागला. मग त्याने निकाल दिला, "काका, फॉरमॅट मारावा लागेल." आणि उधारीचा डेटा सी ड्राइव्हवर, बॅकअप कुठेही नाही. मामांचा फोन आला तेव्हा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मामा, त्याला म्हणावं कशालाही हात लावू नकोस. आधी तो डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या."

तेवढं झाल्यावर शांतपणे मेसेजकडे बघितलं. ह्या फाइलीच्या नावातच तिचा पत्ता आहे. एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट, व्ही म्हणजे व्हिज्युअल, सीपी म्हणजे सी++ आणि १४० म्हणजे आवृत्ती १४.०, अर्थात व्हिज्युअल स्टुडिओ २०१५. शेवटी १०० असेल तर ते २०१०, १२० असेल तर २०१३. ह्या फाइली सुट्या येत नाहीत. मायक्रोसॉफ्ट त्यांचा आख्खा संच 'रीडिस्ट्रिब्युटेबल' नावाने फुकट देतं. मामेभावाला विचारलं, हल्ली काही काढलंस का रे? तर म्हणे, कंट्रोल पॅनेलमध्ये एकाच नावाच्या सहा-सात नोंदी दिसल्या, जागा खातात म्हणून उडवल्या. दिसायला सारख्या, पण प्रत्येक नोंद वेगळ्या वर्षाची, आणि बऱ्याच वर्षांच्या दोन-दोन: एक ३२ बिटची, एक ६४ बिटची.

दुसऱ्या मेसेजचं कोडं इथेच सुटलं. मामांचा प्रोग्राम ३२ बिटचा आणि दुरुस्तीवाल्याने आणलेली फाइल ६४ बिटची. नाव तंतोतंत तेच, पण आत बसेना. विंडोजची गंमत अशी, की सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या सिसवाउ६४ मध्ये. नावावर जाल तर फसाल, ते असं.

ती आणलेली फाइल आधी काढून टाकली, कारण विंडोज साधारणपणे प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आधी शोधतं. मग मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ३२ बिटचा, म्हणजे 'एक्स८६' लिहिलेला संच टाकला. प्रोग्राम उघडला. उधारी जागच्या जागी.

फाइल काढण्याचं आणखी एक कारण होतं. डीएलएल म्हणजे चित्र किंवा गाणं नव्हे. ती प्रोग्रामच्या पोटात शिरून त्याच्याच अधिकाराने चालते. प्रोग्रामला जे दिसतं ते सगळं तिला दिसतं. परक्या साइटवरची डीएलएल टाकणं म्हणजे अनोळखी माणसाला गल्ल्यावर बसवणं.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. उबुंटू २२.०४ आल्यावर (एप्रिल २०२२) कितीतरी जुने प्रोग्राम 'लिबएसएसएल.एसओ.१.१ सापडत नाही' म्हणून बसले, कारण त्यात ओपनएसएसएल ३ आलं. तिथला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे नव्या फाइलीला जुन्या नावाची लिंक मारा. तो शेवटचा आकडा शोभेचा नसतो. जुन्या प्रोग्रामशी जुळणार नाही असा बदल झाला की तो बदलतात. नाव चिकटवलं तरी प्रोग्राम आत जुन्या आवृत्तीच्या खुणा शोधतो आणि पुन्हा अडतो. त्यापेक्षा 'एलडीडी' चालवून काय काय सापडत नाही ते बघावं. फाइल डिस्कवर आहे पण आडजागी आहे, तर तो पत्ता नोंदवून 'एलडीकॉन्फिग' चालवावं. फाइलच कालबाह्य असेल, तर प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्यावी. ओपनएसएसएल १.१.१ चा सर्वसाधारण सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला.

मग प्रत्येकाने आपापली शिडी का ठेवू नये? डिस्क स्वस्त झाल्यापासून बरेच प्रोग्राम तसं करतातही. पण २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, तेव्हा सामायिक फाइल वापरणाऱ्यांना एक फाइल बदलून प्रोग्राम पुन्हा सुरू करणं पुरलं. ज्यांनी ती आपापल्या पोटात भरून ठेवली होती, त्यांना एकेक प्रोग्राम हुडकावा लागला.

असो. असा मेसेज आला तर तीन गोष्टी विचारा: फाइल कोण मागतंय, ती आणायची जबाबदारी कोणाची होती, आणि एवढ्यात काय काढलं किंवा बदललं? मेसेज नीट वाचायला अर्धं मिनिट लागतं. फॉरमॅट मारायला फार तर दोन तास. पण उधारी आठवत बसायला किती वर्षं लागली असती, ते मामांनाच विचारा.