मेन बंद, तरी ७१२ व्होल्ट

२१० मेगावॉटच्या सेटवर मी चोवीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. ३००० आरपीएमची ती घरघर कानात इतकी मुरलेली, की रात्री सेट ट्रिप झाला तर कॉलनीत शांततेनंच जाग यायची. तो सेट कायमचा बंद झाला आणि आम्हाला सोलरच्या ट्रेनिंगला पाठवलं.

पहिले दोन दिवस वर्गातच गेले. पडद्यावर आलेख, मग चहा, मग पुन्हा आलेख. खरं शिकणं तिसऱ्या दिवशी, गच्चीवर. शिकवणारी माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका.

इन्व्हर्टर बदलायचा होता. मी सवयीनं एसीचा ब्रेकर पाडला, डीसीचा आयसोलेटर ऑफ केला आणि पॅनेलकडून येणाऱ्या दोन्ही वायरी एकत्र धरून कटर लावला.

"काका, थांबा!" तिनं मनगटच धरलं. मल्टिमीटर लावून दाखवला. ७१२. दुपारचे साडेबारा वाजलेले, सोळा पॅनेल ओळीनं जोडलेली, एकेकाचे चव्वेचाळीस-पंचेचाळीस व्होल्ट. दोन्ही वायरी एकदम कापल्या असत्या तर कटरच्या पात्यातच शॉर्ट.

"ऊन कुठून बंद करणार?" ती म्हणाली.

मला घाम फुटला. प्लांटमध्ये ब्रेकर बाहेर काढायचा, कुलूप, अर्थिंग, परमिट. मगच हात लावायचा. त्या शिस्तीचा मला अभिमान, आणि तीच इथे अपुरी पडली. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर जाळ धरून राहतो. हे मला पुस्तकात माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं.

मग कनेक्टरच्या पिना क्रिंप करणं. चोवीसचा पाना फिरवलेल्या बोटांना चार स्क्वेअरची वायर म्हणजे दोराच. पहिल्या तीन पिना मी चेपून टाकल्या. क्रिंप ढिलं राहिलं, की तिथंच तापून वितळतं.

एक गोष्ट मात्र खटकली. बोलावलं फक्त कायम कामगारांना. कोळशाच्या बेल्टवर धूळ खात पंधरा वर्षं काढलेल्या ठेक्यावरच्या फिटरला कुणी विचारलंच नाही. त्यानं मला गेटवर गाठलं. "भाऊ, आमचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्रिंपिंग टूल मी स्वतःच्या पैशानं घेतलं होतं. आता रविवारी तो घरी येतो, ओट्यावर बसून वायरीचे तुकडे सोलतो. त्याची दुसरीच पिन ओढून सुटेना. परवा तो बाजारातून स्वस्त कनेक्टर घेऊन आला. म्हटलं, परत कर. दोन वेगळ्या कंपन्यांचे तुकडे एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क नीट होईलच असं नाही. तो कुरकुरला, आणि पिशवी उचलून दुकानाकडे निघाला.