न्हाणीतला हौद

राजापुरातल्या आमच्या घरच्या न्हाणीतला हौद फोडावा, की नवा गिलावा करून राखावा, यावर आम्ही चार भावंडे दोन महिने वाद घालत होतो. गंमत अशी, की आमच्यापैकी कुणीच आता त्या न्हाणीत आंघोळ करीत नाही. दोघे मुंबईत, एक दुबईत, आपा रत्नागिरीत. घर भाड्याने दिलेले आहे. तिथे एक शिक्षक, त्यांची पत्नी आणि म्हातारी आई राहतात.

हौद जांभ्याचा, आजोबांनी बांधलेला. आत चुना, त्यावर अब्बांनी केलेला सिमेंटचा गिलावा. अर्जुना आणि कोदवली अशा दोन नद्यांचे हे गाव. पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरते आणि उन्हाळ्यात तेच पाणी जपून साठवावे लागते. लहानपणी विहिरीवरून कळशा आणून आम्ही तो हौद भरला. खुंटीवर राजापुरी पंचा, कोपऱ्यात चुलीवरचा हंडा, आणि हा हौद. अब्बांच्या मय्यतीला गुसल दिला, ते पाणीही यातूनच काढले होते.

हौदाच्या मापामागे दीनचाही हिशोब होता. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. साठलेले पाणी दोन कुल्ले, म्हणजे साधारण दोनशे लिटर भरले, तर त्यात नजासत पडूनही रंग, वास वा चव बदलल्याशिवाय ते नापाक होत नाही. त्याहून कमी असले, तर नजासत लागताच नापाक. म्हणून आजोबांनी हौद ऐसपैस बांधला, असे दादी सांगायची.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या खोलीची भिंत ओली दिसू लागली. गवंड्याने हौद रिकामा करून आतून हातोडीने ठोकून पाहिले. जागोजागी पोकळ आवाज आला. तो म्हणाला, "जांभा म्हणजे चाळण. जुना गिलावा सुटलाय. त्याच्यावर नवा मारलात तर दोन पावसांत तोही सुटेल. राखायचा असेल तर दगडापर्यंत खरवडा, दरजा भरा, मग गिलावा करा. तो आठवडाभर तरी ओला ठेवावा लागेल."

केपटाऊनमध्ये राहणाऱ्या आमच्या चुलतभावाला हे फोनवर सांगितले, तर तो हसला. त्याच्या भाड्याच्या घरात बिडाचा जुना बाथटब होता, त्याचा मुलामा उडालेला. टब इतका जड की बाहेर काढायचा तर दार आणि फरशीही उखडावी लागली असती. मालकाने तो घासून, खड्डे भरून, वर नवा लेप फवारून दिला. "दिसायला अगदी नवा झाला," तो म्हणाला, "पण कडक पावडरने घासायची मनाई. पाय घसरू नये म्हणून रबरी चटई चिकटवली, तर तिच्याबरोबर लेपच निघाला. ज्याने लेप दिला तो कधी त्या टबात बसला नाही ना!"

हे वाक्य आम्हाला लागले, तरी वाद थांबला नाही. भाईजानचे म्हणणे, लेप देऊन मोकळे व्हा. धाकट्याचे म्हणणे, अब्बांची निशाणी आहे, खर्च झाला तरी नीट राखू. दुबईवाल्याने १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याची आठवण दिली, की घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम आहे. आपा म्हणाली, "भाड्यात माझा हिस्सा तुमच्या निम्मा, तर खर्चातही निम्माच." त्यावर मात्र एकमत झाले.

शेवटी आम्ही तिघे राजापूरला गेलो. गुरुजींच्या आई न्हाणीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. आम्ही हौदाच्या आठवणी सांगत होतो, त्या ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "बाबांनो, हौद तुमच्या वडिलांचा, मी काय बोलू? पण पाणी खाली गेलं की मला वाकून काढता येत नाही. सून घरात नसली की मी आंघोळीची थांबते."

आम्ही गप्प झालो. तीन वर्षे ही बाई आमच्या घरात राहते आहे. दर महिन्याला भाडे वेळेवर येत होते आणि हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. ज्या पाण्याच्या पाकीची आम्हाला एवढी काळजी, ते तिच्या हाताला लागतच नव्हते.

हौद फोडला. बाहेर जांभ्याच्या चौथऱ्यावर ५०० लिटरची टाकी बसवली, न्हाणीत नळ आणला, भिंतीला धरायला दांडा लावला. दोन कुल्ल्यांहून पाणी जास्तच आहे. दादीचा हिशोब चुकलेला नाही. हौदाचे जे चिरे धड निघाले, त्यांची आईंना बसायला एक पायरी केली.

तोडताना धाकट्याचे डोळे भरून आले. आमचेही. पण त्या रात्री गुरुजींचा फोन आला: "आईने आज स्वतःची आंघोळ स्वतः केली." मग हौदाबद्दल आमच्यात पुन्हा वाद झाला नाही.