आर्द्रेच्या ताऱ्याचे तेज

खान्देशात आर्द्रा नक्षत्राची ओळख पावसावरून आहे. 21-22 जूनच्या सुमारास सूर्य या नक्षत्रात प्रवेश करतो, आणि जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत कापसाची लागवड उरकलेली असो वा पावसावाचून खोळंबलेली असो, घरोघरी पंचांग उघडून नक्षत्राचे वाहन बेडूक आहे, कोल्हा आहे की हत्ती, हे पाहिले जाते. त्या दिवसांत खुद्द आर्द्रेचा तारा मात्र कोणालाच दिसत नाही, कारण तो सूर्याच्याच दिशेला असल्याने दिवसा उगवून दिवसाच मावळतो. त्याच्या दर्शनाचा काळ हिवाळ्याचा. पौषात रात्रीच्या वीजपाळीत गव्हाला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर मृग नक्षत्र आलेले असते, आणि मृगाच्या चार पायांपैकी ईशान्येकडचा जो तांबूस तारा, तोच काक्षी. आर्द्रेचा तारा म्हणून बहुधा त्याच्याकडेच बोट दाखवले जाते.

हा तारा तांबड्या महाराक्षसी वर्गातील आहे. ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपत आला की गाभा आकसून अधिक तापतो, बाहेरचे थर मात्र फुगत जातात आणि फुगताना त्यांचा पृष्ठभाग थंड होऊन तांबडा दिसू लागतो. सूर्यासारखा तारा या अवस्थेत तांबडा राक्षसी होतो, तर मुळातच कितीतरी अधिक वस्तुमानाचा तारा महाराक्षसी होतो. काक्षी सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ त्याच्या पोटात जातील. एवढे विरळ, सैल आवरण स्थिर राहू शकत नाही; ते फुगते व आकसते, आणि त्याबरोबर ताऱ्याचे तेजही कमीजास्त होते. असे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात.

राक्षसी रूपविकाऱ्यांचा नमुना म्हणजे तिमिंगल तारकासमूहातील मीरा. डेव्हिड फाब्रिसियस या धर्मोपदेशकाने 1596 मध्ये तो पाहिला, आणि काही आठवड्यांनी तो दिसेनासा झाला, तेव्हा आकाशातले तारे अचल व अविकारी असतात या समजुतीला तडा गेला. मीराचे चक्र सुमारे 332 दिवसांचे असून उच्चतम तेजाच्या वेळी तो साध्या डोळ्यांना सहज दिसतो, तर नीचतम तेजाच्या वेळी दुर्बिणीशिवाय सापडत नाही. याचे कारण मोठे विलक्षण आहे: फुगून थंडावलेल्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडसारखे रेणू तयार होतात व दृश्य प्रकाश अडवून धरतात, त्यामुळे ताऱ्याची ऊर्जा मुख्यतः अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडत राहते आणि डोळ्यांना मात्र तारा विझत चालल्याचे भासते.

काक्षीची चाल इतकी नेमकी नाही. त्याच्या बदलांत सुमारे 400 दिवसांचे आणि सुमारे 2100 दिवसांचे अशी दोन चक्रे एकात एक मिसळलेली आहेत. 2019 च्या अखेरीस तो असा मंदावला की फेब्रुवारी 2020 मध्ये त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहून खाली गेले आणि त्याचा स्फोट जवळ आला अशी चर्चा जगभर सुरू झाली. पुढील अभ्यासातून दिसले ते असे, की पृष्ठभागावरून उसळलेला वायू दूर जाऊन थंडावला, त्याची धूळ झाली, आणि त्या धुळीने ताऱ्याचा एक भाग झाकला.

ताऱ्याचे तेज असे बदलत असताना त्याच्या जुन्या नोंदी शोधू गेले, की चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीचे स्मरण अपरिहार्य ठरते. शके 1128 मधील, म्हणजे इसवी सन 1207 च्या तेथील शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याचे व निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिल्याचे नमूद आहे. भास्कराचार्यांच्या परंपरेतील ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांनी प्रत्येक नक्षत्राच्या योगताऱ्याचे, म्हणजे त्या नक्षत्राची खूण ठरलेल्या मुख्य ताऱ्याचे, स्थान अंशांत दिले. त्याचे तेज मात्र आकड्यांत नोंदवले नाही. या उणिवेचा परिणाम आजही जाणवतो. सूर्यसिद्धान्तात आर्द्रेचा विक्षेप, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे अंतर, 9 अंश दक्षिण आहे, तर काक्षी सुमारे 16 अंश दक्षिणेला आहे. म्हणून आर्द्रेचा योगतारा खरोखर कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तेजाचा एखादा आकडा हाती असता तर हा वाद कदाचित उद्भवलाच नसता. ग्रहगणितात इतकी सूक्ष्मता साधलेल्या परंपरेने ताऱ्यांचे तेज टिपून ठेवले नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

ही नोंद करणे अवघड नाही. काक्षीची तुलना प्रश्वा व रोहिणी या ताऱ्यांशी करावी. तो प्रश्वापेक्षा किती फिका आणि रोहिणीपेक्षा किती उजळ, हे ठरवून तारीख व वेळेसह वहीत लिहावे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिल्यास तो आहे त्याहून तेजस्वी वाटू लागतो, म्हणून नजर झटपट फिरवावी, आणि क्षितिजालगतच्या हवेत प्रकाश शोषला जात असल्याने तुलनेचे तारे शक्यतो सारख्या उंचीवर असताना पाहावेत. जेसोरच्या कोषागारात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी अशाच पद्धतीने रूपविकारी ताऱ्यांची 37 हजारांहून अधिक निरीक्षणे अमेरिकेतील निरीक्षक-संघटनेकडे पाठवली. खान्देशात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आकाश बहुधा निरभ्र असते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शाळांनी विज्ञान मंडळाच्या कामात काक्षीची एक वही सुरू करावी आणि ती दरवर्षी पुढच्या इयत्तेकडे सोपवावी. 2100 दिवसांचे एक चक्र पूर्ण पाहण्यास सलग सहा हिवाळे लागतात.