रेषेचे शेजारी

पावसाळा ओसरला की वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याकडच्या नाल्यांत वळणावळणाला काळी रेती धरते. भंगारातल्या स्पीकरचा लोहचुंबक तिच्यातून फिरवला, तर बारीक कण त्याला येऊन चिकटतात आणि तिथेच ताठ उभे राहतात, एकमेकांपासून किंचित फटकून. हे कण मॅग्नेटाइटचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, त्याच्या काळ्या दगडातून ते सुटून येतात. आर्वी तालुक्यातली कपाशीची काळी जमीनही त्याच दगडाची. पाठकोऱ्या कागदावर ही रेती पसरून खालून चुंबक धरला आणि कागदाला टिचकी मारली, की रेषा उमटतात. एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाकडे वळणाऱ्या, अगदी शिस्तीच्या. शाळेच्या पुस्तकात त्याच रेषा बाणांसकट काढलेल्या असतात, आणि बलरेषा एकमेकींना छेदत नाहीत हे वाक्य पोरं पाठ करून टाकतात.

वाक्य खरंच आहे. पण त्यातून मनात असं चित्र बसतं की बलरेषा म्हणजे आखून दिलेली वाट, आणि शेजारच्या दोन रेषा कायम शेजारीच राहणार. विश्वातलं बहुतेक चुंबकत्व मात्र असं दगडाला बांधलेलं नाही. ते तापलेल्या, विद्युतभारित वायूत आहे, म्हणजे प्लाझ्मात. तो वायू कधी स्वस्थ नसतो. तिथे दोन शेजारी रेषा काही अंतरानंतर एकमेकींना ओळखही देत नाहीत. मला या विषयाची ओढ लागली ती इथूनच.

मुळात रेषा खरी असते का? रेतीच्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेतही चुंबकीय क्षेत्र असतंच. तिथेही रेषा काढता येते, तिच्या बाजूला आणखी एक काढता येते. पोकळीत बलरेषा म्हणजे आपण काढलेलं चित्र, एवढंच. फॅरडे मात्र उतारवयात या रेषा खऱ्याच आहेत असं मानत गेला, आणि प्लाझ्माच्या बाबतीत त्याच्या मानण्यात बराच अर्थ निघाला. 1942 साली स्वीडनच्या हान्नेस आल्फव्हेनने दाखवलं, की वायू पुरेसा विद्युतवाहक असेल तर चुंबकीय क्षेत्र त्याच्यात जणू गोठून राहतं. वायू सरकला की रेषा सरकते. जे द्रव्य आज एका रेषेवर ओवलेलं आहे, ते उद्याही तिच्यावरच असतं. रेषेला ओळख मिळते ती या द्रव्यामुळे. आता ती नुसतं चित्र राहत नाही. ती ताणली जाते, पिळली जाते, तिचा माग काढता येतो.

आता हे सूर्यावर नेऊन पाहू. सूर्याच्या पृष्ठभागावर वायूला सतत कढ येत असतात. एकेक कढ सुमारे हजार किलोमीटर रुंद, आणि त्याचं आयुष्य आठ-दहा मिनिटांचं. त्यांच्याखाली आणखी मोठे प्रवाह असतात, तीस-तीस हजार किलोमीटरांचे, दिवसभर टिकणारे. सूर्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बलरेषेचं मूळ या हलत्या जमिनीत रोवलेलं. वरचा भाग सौरवारा सेकंदाला चारेकशे किलोमीटर वेगाने बाहेर ओढून नेतो, आणि खाली मूळ इकडून तिकडे सरकत असतं. सौरवाऱ्याची कल्पना युजीन पार्करने 1958 साली मांडली, तेव्हा दोन्ही परीक्षकांनी त्याचा लेख नापसंत केला होता. संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना फारशी रुचली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी लेख छापला. विज्ञानात सचोटी कशाला म्हणायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून या रेषा सरळ न येता वळसा घेत येतात. पृथ्वीपाशी त्यांचा सूर्याच्या दिशेशी सुमारे 45 अंशांचा कोन होतो. हे झालं सरासरीचं, वहीत काढायचं चित्र. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जोकिपी या तरुण शास्त्रज्ञाने, पुढे पार्करला सोबत घेऊन, त्या चित्रातली खरी रेषा कशी असेल याचा विचार केला. मूळ हलतं, वाटेत खळबळ असते. तेव्हा रेषा दर काही अंतराला थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, थोडी वर सरकणार, आणि मागच्या सरकण्याचा पुढच्याशी संबंध राहणार नाही. अशा भटकंतीला नियम नसतो असं वाटतं, पण असतो. एकाच ठिकाणाहून निघालेल्या अनेक रेषांचा पसारा अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चौपट लांब गेलात तर पसारा दुप्पट. पाण्यात शाईचा थेंब पसरावा तशा, पण काळात नव्हे, अंतरात, रेषा पसरतात. याला बलरेषांचं विसरण म्हणतात. एकटी रेषा कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. हजार रेषा मिळून कुठवर पसरतील हे मात्र छातीठोक सांगता येतं.

अगदी लगतच्या दोन रेषांची गोष्ट जरा वेगळी, आणि मला ती जास्त गुंतागुंतीची वाटते. त्या जवळ असेपर्यंत मोठे भोवरे दोघींना बरोबरच वाहून नेतात. त्यांना वेगळं करतात ते फक्त बारीक भोवरे. त्या थोड्या दूर झाल्या की त्याहून मोठे भोवरे मध्ये शिरतात. म्हणजे दुराव्यानेच दुरावा वाढतो. हवेतला धूर असा पसरतो हे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ लुईस रिचर्डसनने 1926 साली दाखवलं होतं. लझारियन आणि विश्निआक यांनी 1999 साली तोच विचार चुंबकीय प्लाझ्माला लावला. त्यांच्या मते अशा खळबळीत रेषा तुटून दुसरीशी जुळणं ही रोजची बाब आहे. आल्फव्हेनने रेषेला दिलेली ओळख इथे झिजू लागते.

पण रेषा दिसत नाही, मग ती भटकते हे कळणार कसं? वर्धा जिल्ह्यात राहून इथे सुताची आठवण न होणं अवघड. पेळूतून सूत निघतं, त्याला पीळ बसतो, आणि डोळ्यांना एकच धागा दिसतो. त्याच्या आत एकेक तंतू कधी गाभ्यात असतो, कधी पृष्ठभागावर येतो, पुन्हा आत जातो. सुताला बळ येतं ते बरंचसं यामुळे, कारण नेहमी बाहेरच राहणारा तंतू सुटून गेला असता. 1952 साली मँचेस्टरच्या मॉर्टन आणि येन यांनी हे फिरणं पाहण्याची युक्ती काढली. सूत कातण्याआधी अगदी थोडे तंतू रंगवून बाकीच्यांत मिसळायचे, मग तयार सूत अशा द्रवात बुडवायचं की ज्याचा अपवर्तनांक तंतूंइतकाच आहे. बिनरंगी तंतू त्यात दिसेनासे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली उरतो तो एकटा रंगीत तंतू, आणि त्याची सगळी वळणं उघडी पडतात.

सूर्यावर लहानसा भडका उडाला की निसर्ग नेमकं हेच करतो. तिथून सुटलेले वेगवान आयन म्हणजे आपले रंगीत तंतू. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात क्षेत्र अगदी दुबळं, पाचेक नॅनोटेस्ला. रोहण्यात होकायंत्राची सुई ज्या क्षेत्रात उभी असते, ते याच्या आठ-नऊ हजार पट. तरीही दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन या दुबळ्या रेषेभोवती सुमारे तीस हजार किलोमीटर त्रिज्येचे वेढे घेत चालतो. पंधरा कोटी किलोमीटरांच्या प्रवासात हे वेढे म्हणजे काहीच नाही. तो रेषेला चिकटून आला असंच म्हणायचं. भडका जागेने छोटा असतो, म्हणून त्याच्या मुळाशी असलेल्या रेषा तेवढ्या भरतात, बाकीच्या रिकाम्या राहतात. 2000 साली जो मेझर आणि सहकाऱ्यांनी एस या अमेरिकी यानाच्या नोंदी तपासल्या. कणांची संख्या एकदम शून्याजवळ पडे, काही वेळाने एकदम पूर्ववत होई, पुन्हा पडे. एकेका तुकड्याची रुंदी सरासरी पंचेचाळीस लाख किलोमीटर भरली; एवढं अंतर सौरवारा तीन तासांत यानावरून वाहून नेतो. भरल्या आणि रिकाम्या रेषा एकमेकींत मिसळून यानासमोरून जात होत्या. थायलंडचे डेव्हिड रुफोलो आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे दाखवलं की काही रेषा खळबळीच्या ठरावीक भागांत अडकून बराच काळ एकत्र राहतात, म्हणून कडा इतक्या स्वच्छ दिसतात. वर्गमुळाचा नियम लांबच्या हिशेबाला बरोबर आहे, पण वाटेवर आधी असे अडकलेले घोळके लागतात. नियमाच्या आतला हा हट्टीपणा मला नियमाइतकाच मोलाचा वाटतो.

महाराष्ट्रात खळबळीतल्या रेषांच्या प्रश्नाला हात घातला गेला तो पुण्यात, आणि त्याला लागणारी मोजणी झाली उटीला. उटीजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-3 ही प्रयोगशाळा आहे. तिथल्या म्युऑन दुर्बिणीत सहा मीटर लांबीच्या 3712 चौकोनी लोखंडी नळ्या आहेत. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर प्रोटॉनच्या क्षयाचा शोध चालला होता. तो प्रयोग बंद झाल्यावर तिथल्या नळ्या इथे कामाला आल्या. काँक्रीटच्या जाड थरांखाली थरावर थर रचलेल्या या नळ्या वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारे म्युऑन कण मोजतात, दिवसाला सुमारे चार अब्ज. सूर्याकडून प्लाझ्माचा प्रचंड ढग पृथ्वीवर आला की त्यातलं चुंबकत्व बाहेरचे वैश्विक किरण अडवतं आणि ही मोजणी किंचित उतरते. हा उतार स्कॉट फोर्बुशने 1937 साली प्रथम नोंदला.

ढगाभोवतीच्या रेषा बहुतेक बंद असतात, म्हणून बाहेरच्या प्रोटॉनला आत शिरायचं तर रेषा ओलांडून शिरावं लागतं. त्याला ते जमतं ते खळबळीमुळे. पुण्याच्या आयसरमधले प्रसाद सुब्रमण्यन यांनी एच. एम. अंतिया आणि ग्रेप्स-3च्या मंडळींसोबत हा हिशेब उलटा मांडला: मोजणी किती उतरली यावरून ढगाच्या तोंडाशी खळबळ किती असेल ते काढायचं. 2009 साली छापलेल्या त्यांच्या लेखात तीन वादळं आहेत. सरासरी क्षेत्राच्या ऊर्जेच्या तुलनेत खळबळीतल्या क्षेत्राची ऊर्जा 11 एप्रिल 2001 रोजी सुमारे 2 टक्के निघाली, 20 नोव्हेंबर 2003 रोजी 6 टक्के, आणि 29 ऑक्टोबर 2003 रोजी 249 टक्के.

या शेवटच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबतो. ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून 249 टक्क्यांचा अर्थ असा, की सैरावैरा क्षेत्राचा जोर मूळ क्षेत्राच्या दीडपटीहून जास्त. 2 टक्क्यांच्या दिवशी रेषा थोडी डुलत चालली होती असं म्हणता येतं. त्या ऑक्टोबरच्या दिवशी, एरवी तीन-चार दिवस घेणारा ढग 19 तासांत पोचला तेव्हा, रेषेची मूळ दिशा कोणती हे विचारण्यातच फारसा अर्थ नव्हता. हिशेबाचं प्रारूप साधं आहे, हे लेखकांनीच सांगितलं आहे. तरी कोलारच्या खाणीतून आलेल्या नळ्यांनी लाखो किलोमीटरांवरच्या ढगातली अंदाधुंदी मोजावी, याचा मला अभिमान वाटतो.

10 मे 2024च्या रात्री अशाच एका वादळाने लडाखमध्ये हानलेचं आकाश लालसर झालं. रोहण्यात तसं काही दिसणं शक्यच नव्हतं. पण त्याच वादळात विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यातलं क्षेत्र सुमारे चारशे नॅनोटेस्लांनी खाली गेलं होतं, आणि ही घसरण वर्धा जिल्ह्यावरही होतीच. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेने 2 सप्टेंबर 1859 रोजी नोंदलेली घसरण सुमारे सोळाशेची होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून नानाभाई मूस यांनी 1904 साली ती मोजणी अलिबागला नेली आणि जुन्या जागेशी ताळा बसावा म्हणून 1906 पर्यंत दोन्हीकडे चालू ठेवली. अलिबागच्या इमारतीला पोरबंदरचा दगड आणावा लागला, कारण आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय आहे. नाल्यातली रेती ज्या गुणामुळे चुंबकाला चिकटते, त्याच गुणामुळे तो दगड वेधशाळेच्या भिंतीला चालत नाही.

आज आदित्य-एल1 पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर आहे. त्यावर पुण्याच्या आयुकाने केलेली सुईट ही अतिनील दुर्बीण आहे आणि चुंबकमापकही आहे. दुर्बिणीला सूर्यावरची रेषांची मुळं दिसतात, चुंबकमापकाला यानापाशी आलेली रेषा कळते. मधल्या वाटेचं या दोघांना काही कळत नाही. एका जागी उभं राहून मोजणाऱ्याला समोरून वाहत जाणाऱ्या रेषा एकामागून एक मिळतात. एकाच क्षणी शेजारच्या दोन रेषा कुठे होत्या हे त्याला विचारता येत नाही. नासाची हेलिओस्वार्म ही मोहीम त्यासाठीच आखली आहे: एक मोठं यान, भोवती आठ छोटी, आणि नवांची मोजणी एकाच वेळी. ती या दशकाच्या अखेरीस निघायची आहे.