तरफांचा स्वर

मिरजेचा कारागीर सतार घडवतो तेव्हा मुख्य तारांच्या खाली तरफांची रांग बसवतो. वादकाची नखी एरवी त्यांना लागत नाही. वरची तार त्यांच्या नेमक्या स्वरात वाजली की त्या आपसूक झंकारतात. स्वर जरा हलला, की कितीही जोर लावला तरी त्या मुक्याच राहतात. वर्षानुवर्षांनी एकत्र येणाऱ्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेला हीच कसोटी लावावी. जुनी नावे एका वेष्टनावर आली म्हणजे पुनर्मीलन झाले असे नाही. जे आज तिथे नाहीत, तेही त्या स्वरांनी झंकारले पाहिजेत. ‘शक्ती’ या वृंदाचा २०२३चा ‘धिस मोमेंट’ हा अल्बम या कसोटीला उतरतो, असे माझे मत आहे. जॅझमधून आलेले इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन यांनी व्हायोलिनवादक एल. शंकर व घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासह १९७०च्या दशकात हा वृंद उभा केला. तेव्हा मॅकलॉफ्लिन यांनी आपल्या गिटारवर मुद्दाम तरफा बसवून घेतल्या होत्या. १९७७ नंतर वृंद पांगला, वीस वर्षांनी ‘रिमेंबर शक्ती’ म्हणून पुन्हा जुळला, आणि स्टुडिओत घडवलेला त्यांचा नवा अल्बम यायला चार दशकांहून अधिक काळ लागला.

पहिला आक्षेप असा, की असले संगीत म्हणजे भेसळ. ना इकडचे, ना तिकडचे. त्याचे उत्तर वडूजकरांना दूर शोधावे लागत नाही. आपल्याच खटाव तालुक्यातल्या औंधला १९४० साली अंतुबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला. त्यांचे पुत्र गजाननबुवा जसे गवई, तसेच नामवंत व्हायोलिनवादक. हे वाद्य युरोपातले. पण बुवांच्या हाती ते ख्यालाची भाषा बोलू लागले, आणि त्याला भेसळ म्हणायला कोणी धजणार नाही. वाद्य कुठून आले यापेक्षा त्याने रागाची शिस्त पाळली का, हे महत्त्वाचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एल. शंकर नाहीत, विनायकराम नाहीत, पुढे मेंडोलिन घेऊन आलेले यू. श्रीनिवास २०१४ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. मग ‘शक्ती’ उरली कुठे? पण माणसे बदलली म्हणून घराणे संपले असे आपण मानत नाही. विनायकरामांच्या जागी त्यांचे पुत्र सेल्वागणेश कंजिरा घेऊन बसले, जसा औंधचा वारसा बापाकडून लेकाकडे गेला. गणेश राजगोपालन यांच्या रूपाने व्हायोलिन परतले. गळा शंकर महादेवन यांचा. संगीतकार श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला, म्हणून मराठी कानाला घरचा. अल्बमची पहिलीच रचना ‘श्रीनीज ड्रीम’, श्रीनिवास यांच्या आठवणीची. न छेडता झंकारणारी तरफ ती हीच.

तिसरा आक्षेप मात्र निम्मा मान्य करायला हवा. महामारीच्या दिवसांत या कलावंतांनी आपापल्या जागी राहून आपला भाग ध्वनिमुद्रित केला. समोरासमोर बसलेल्या साथीत डोळ्यांची खूण पटते, समेआधी श्वास एकदम थांबतो. ते यंत्राने जोडता येत नाही. तरीही झाकिरजी, मॅकलॉफ्लिन, महादेवन आणि सेल्वागणेश यांची वीस वर्षांची बैठक त्या अंतराला पुरून उरते. तबल्याचा तुकडा कुठे संपेल हे कंजिऱ्याला आधीच ठाऊक असते. एकमेकांना ऐकण्याची इतकी मुरलेली सवय नसती, तर हा अल्बम जोडकाम केलेल्या तुकड्यांचा ढीग झाला असता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकिर हुसेन गेले. पुरस्कार बाजूला ठेवून एक करा. ‘गिरिराज सुधा’ ही रचना २००१च्या ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’मध्ये आहे आणि ‘धिस मोमेंट’मध्येही. पहिलीत श्रीनिवास वाजवत आहेत, दुसरीत नाहीत. दोन्ही लागोपाठ ऐका, आणि दुसरीत ते किती आहेत हे तुमच्या कानांनाच ठरवू द्या.