आळस की आस?

आपल्या मंडळाचे १९९६ ते २००७ या काळातले अंक युनिकोडमध्ये आणायचं काम गेल्या जूनपासून चाललं आहे. एकूण बारा अंक. त्यांतल्या नऊ अंकांच्या छापील प्रती ग्रंथालयात आहेत. तीन अंक वाळवीने खाल्ले, त्यांच्या आता फक्त सीडीवरच्या फाइली उरल्यात. हे लिहिते आहे ते खरं तर त्या तीन अंकांसाठी. पण सुरुवात शाबूत असलेल्या एका अंकातल्या वाक्यापासून करावी लागेल.

२००२ च्या अंकात एका माजी विद्यार्थिनीने आपल्या आईवर लेख लिहिला आहे. त्या आता हयात नाहीत. त्यांचं छापून आलेलं लेखन एवढंच, असं त्यांच्या घरचे सांगतात. युनिकोडमध्ये आलेल्या त्यांच्या लेखात एक वाक्य होतं, ‘आस आणि भीती या दोन गोष्टी मला आईकडून मिळाल्या.’ बैठकीत ते वाचलं गेलं आणि सगळे एकदम गप्प झाले. ई-अंकाच्या पहिल्या पानावर चौकटीत टाकूया, असंही ठरलं. मग ग्रंथालयातली छापील प्रत काढली. तिथे होतं, ‘आळस आणि भीती या दोन गोष्टी मला आईकडून मिळाल्या.’ बाई थट्टा करत होत्या! सकाळी न उठणाऱ्या मायलेकींची ती गोष्ट होती, आणि प्रोग्रॅमने त्यांना परस्पर कवयित्री करून टाकलं होतं.

‘ळ’ गेला कुठे?

जुन्या फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं यांचा काला दिसतो. त्या काळच्या फॉण्टांची युक्तीच तशी होती. संगणक साठवायचा इंग्रजी चिन्हं, आणि फॉण्ट त्यांना पडद्यावर मराठीचा सदरा घालायचा. म्हणून रूपांतर करताना एक तक्ता लागतो, कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं मराठी अक्षर याचा. शिवाय क्रम बदलावा लागतो. पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून जुन्या फॉण्टात ती टाइपही आधी व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलट. हे सगळं करणारा पायथनमधला एक तयार प्रोग्रॅम आमच्याकडे आला होता. मुळात तो हिंदी मजकुरासाठी केलेला, आणि हिंदीचं ‘ळ’वाचून काही अडत नाही. तक्त्यात ‘ळ’ नव्हताच.

पण तक्ता अपुरा असणं ही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट पुढच्या ओळीत होती. पायथनमध्ये तक्त्यातून काही काढायला ‘गेट’ नावाची सोय आहे. तिला सांगता येतं की हे चिन्ह शोध, आणि सापडलं नाही तर त्याऐवजी अमुक दे. या प्रोग्रॅममध्ये ‘अमुक’च्या जागी रिकामं अवतरण होतं. म्हणजे सापडलं नाही तर काहीच देऊ नकोस, आणि कुणाला सांगूही नकोस. मुद्रितशोधन करणाऱ्यांनी ‘सका’चं ‘सकाळ’ केलं, ‘वे’चं ‘वेळ’ केलं, कारण अर्थ नसलेला शब्द डोळ्याला खुपतो. ‘आस’ खुपली नाही. ‘कळप’चा ‘कप’ होतो, ‘काळजी’चा ‘काजी’ होतो, आणि ते शब्द शुद्धलेखन तपासणीतून ताठ मानेने बाहेर पडतात.

बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी एक मैत्रीण आहे. तिच्या घरी कन्नड, माझ्याशी मराठी. तिने ती ओळ बघितली आणि म्हणाली, “हे गप्प बसलंय बघ. इथं ओरडायला पाहिजे की!”

‘गेट’ काढून तक्त्यातून थेट चौकटी कंसाने अक्षर मागितलं, की नसलेल्या चिन्हावर पायथन आपणहून ओरडतो. त्या ओरडण्याचं नाव ‘की-एरर’. पण तो सांगतो फक्त कुठलं चिन्ह सापडलं नाही ते. कुठल्या अंकात, कुठल्या लेखात, कितव्या ओळीत, हे त्याला कुठून कळणार? म्हणून स्वतःचे दोष बनवावे लागतात. पायथनमध्ये ते दोन ओळींचं काम आहे. ‘एक्सेप्शन’ या मूळ वर्गातून आपला वर्ग काढायचा आणि त्याला नाव द्यायचं. नाव देवनागरीतही चालतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये आता ‘अनोळखी_चिन्ह’ आहे, आणि मागेपुढे अक्षरच नाही अशा वेलांटीसाठी ‘अधांतरी_वेलांटी’ आहे. दुसरं नाव माझं. मैत्रीण हसली, पण तिने ते ठेवलं.

नाव ठेवताना विचार करावा लागतो, आणि मला त्यातच गंमत वाटली. ‘काहीतरी चुकलं’ असं एकच नाव ठेवलं असतं तरी प्रोग्रॅम थांबलाच असता. पण अनोळखी चिन्ह हा तक्त्याचा दोष, तो तक्त्यात भर घालून सुटतो. अधांतरी वेलांटी हा बहुतेकदा मूळ टाइप करणाऱ्याचा हात घसरल्याचा दोष, तिथे तक्ता कितीही वाढवा, उपयोग नाही. दोघांवरचा उपाय वेगळा, म्हणून नावं वेगळी.

आता माग काढण्याबद्दल. दोष आला की पायथन ‘ट्रेसबॅक’ छापतो, आणि वरच सांगतो की सगळ्यात अलीकडची हाक सगळ्यात शेवटी आहे. आपण पत्ता लिहितो तेव्हा घर नंबर, मग मारुती गल्ली, मग बेळगाव. हा उलटा चालतो. आधी गाव, मग गल्ली, शेवटी घर. त्यामुळे वाचायला सुरुवात तळापासून करायची. आपला दोष उभा करताना ‘फ्रॉम’ लिहून मूळ दोष त्याला जोडला, तर दोन्ही छापले जातात, आणि मधे पायथन लिहितो की वरचा दोष खालच्या दोषाचं थेट कारण आहे. ही जोडणी २००८ च्या पायथन ३ पासून आहे. २०२२ च्या ३.११ या आवृत्तीपासून दोषाला चिठ्ठीही जोडता येते. आम्ही चिठ्ठीत अंक, लेख आणि ओळ लिहितो. ‘फ्रॉम नन’ असंही लिहिता येतं, मग मूळ कारण छापलं जात नाही. मला ते आवडत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे आपण अभ्यासक्रमात शिकतो, पण कुठल्या ओवीत काय होतं आणि त्याचं काय केलं याची यादी आपल्या हाती नाही. शुद्ध प्रत मिळाली, माग गेला. पाठचिकित्सेच्या तासाला मला दर वेळी ही हुरहुर लागते.

नुसतं ओरडणंही पुरत नाही म्हणा. ४ जून १९९६ ला एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसली नाही, आणि त्या दोषाला हाताळणारं तिथे काही नव्हतं. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. पडताना तिने दोषाचा तपशील मुख्य संगणकाकडे पाठवला, आणि त्या संगणकाने तो तपशील उड्डाणाची खरी माहिती समजून वापरला. हे वाचल्यापासून मी मैत्रिणीच्या मागे लागले की आपले संदेश मराठीत हवेत, कारण ते वाचणार आहेत मंडळातली मुलं. “अंक २००२, ‘माझी आई’, ओळ १४: हे चिन्ह तक्त्यात नाही” असं दिसलं की प्रथम वर्षाचा मुलगाही छापील प्रत उघडून बघतो.

आमचं एका गोष्टीवर मात्र भांडण झालं. तिचं म्हणणं, पहिल्या दोषालाच प्रोग्रॅम थांबला पाहिजे. माझं म्हणणं, प्रत्येक अनोळखी चिन्हावर थांबलो तर बारा अंक आमच्या नातवंडांच्या हाती पूर्ण होतील. शेवटी ठरलं ते असं. प्रोग्रॅम दोष पकडतो, वहीत टिपतो आणि त्या जागी एक काळी चौकट ठेवून पुढे जातो. अंक संपल्यावर सगळे दोष एकत्र मांडतो. वही रिकामी होईपर्यंत तो अंक ‘पूर्ण’ म्हणून नोंदवला जात नाही. ही शेवटची अट तिची, आणि तिच्याशिवाय बाकीचं सगळं फुकट गेलं असतं, हे मला मान्य आहे. चौकटी कुणीतरी हळूच पुसून टाकल्या असत्या.

नऊ अंकांच्या वह्या नाताळपर्यंत रिकाम्या होतील. राहिले वाळवीचे तीन, १९९८, १९९९ आणि २००४. तिथे पडताळायला प्रत नाही. ‘ळ’ आता तक्त्यात आहे, पण १९९९ च्या अंकातल्या एका कवितेत सहा चौकटी अजून काळ्याच आहेत. चिन्ह कुठलं ते दिसतं, अक्षर कुठलं ते ठरत नाही. दोन जागी ‘द्ध’ बसतो आणि ‘द्व’सुद्धा बसतो, दोन्हींनी अर्थ लागतो. मंडळात एकाने सुचवलं की जे शोभेल ते घालूया. आम्ही घातलेलं नाही. ई-अंकात ती कविता चौकटींसकट जाईल, खाली दोषांच्या चिठ्ठ्यांसकट.

तुमच्या घरी, आईबाबांच्या किंवा मामा-मावशीच्या कपाटात या तीनपैकी कुठलाही अंक असेल, मुखपृष्ठ नसलेला, फाटका, कसाही, तर एक दिवसासाठी मंडळाच्या खोलीत आणून द्या. फोटो काढून लगेच परत करू. १९९९ चा असेल तर आधी कवितेचं पान बघा.