फ्रेंचचे वर्ग हलवायचे ठरले तेव्हा

आमच्या शाळेतले फ्रेंच इमर्शनचे वर्ग दुसऱ्या शाळेत न्यायचा प्रस्ताव स्कूल बोर्डाने मांडला, तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती आणि धाकटा सिनियर केजीत. आम्ही टोरांटोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. घरात मराठी, दारात इंग्रजी आणि वर्गात फ्रेंच, अशी मुलीची तीन भाषांमध्ये रोजची ये-जा. त्या शरद ऋतूपासून पुढचा अख्खा हिवाळा आमच्या वस्तीत या प्रस्तावाखेरीज दुसरा विषय नव्हता. कॅनडात नव्याने येणारी कितीतरी मराठी कुटुंबं मुलांना इमर्शनमध्ये घालतात. त्यांच्यावर ही वेळ कधीही येऊ शकते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इमर्शनमध्ये मुलं इंग्रजी शाळेतच असतात, पण निम्मे किंवा त्याहून जास्त विषय फ्रेंचमधून शिकतात. घरी कुणाला फ्रेंच येत नसलं तरी चालतं. ही सोय मुळी तशाच मुलांसाठी आहे. आठवी संपेपर्यंत अशा मुलाला किमान 3800 तास फ्रेंचमधून शिकवलं गेलं पाहिजे, असा ओंटॅरिओचा दंडक आहे. बाकीच्या मुलांना चौथीपासून जे साधं फ्रेंच असतं, त्याचे तास 600. आमच्याकडे इमर्शनचा प्रवेश पहिलीत मिळतो, आणि एकदा मूल बाहेर काढलं की परत घेत नाहीत. केंद्र सरकारच्या बऱ्याच नोकऱ्यांना दोन्ही भाषा लागतात, म्हणून पुष्कळ पालक इकडे वळतात. आमचं कारण त्याहून साधं होतं. मी कोल्हापूरची. मराठी, हिंदी, इंग्रजी आम्ही शाळेत एकदमच शिकलो, त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. मुलांनाही तसंच सहज जमेल असं वाटलं, आणि जमलंही. पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुलगी आजीला फ्रेंचमधून अंक म्हणून दाखवत होती.

आता शाळेची अडचण. ती खरी होती. शाळा बांधली तेव्हा भोवती शेतं होती. मग घरं उभी राहिली, आमच्यासारखी कुटुंबं आली आणि वर्ग अपुरे पडले. मैदानावर पोर्टेबलची, म्हणजे लाकडी खोल्यांची, रांग लागली. पोर्टेबलमध्ये बसणाऱ्या मुलाला स्वच्छतागृहात जायचं तर बूट-जाकीट चढवून, बर्फ तुडवत मुख्य इमारतीत यावं लागतं. दुपारच्या सुट्टीला खेळायची जागाही तेवढी आटते. उलट मोठ्या रस्त्यापलीकडच्या जुन्या वस्तीत मुलं कमी झालेली आणि तिथल्या शाळेत वर्ग रिकामे. ओंटॅरिओ सरकारने 2017 मध्ये शाळा बंद करण्याच्या प्रक्रियेला स्थगिती दिली. तेव्हा बोर्डाच्या हातात उरतं ते हद्दी बदलणं किंवा एखादा कार्यक्रम उचलून दुसरीकडे ठेवणं. उचलण्यात सगळ्यात सोपा दिसतो तो इमर्शन.

का सोपा, हे मला पहिल्या बैठकीत कळलं. शाळेच्या जिममध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, पडद्यावर रंगीत नकाशे आणि तीन पर्याय. पहिला, इमर्शनचे सगळे वर्ग एकदम हलवायचे. दुसरा, फक्त नवी पहिली तिकडे सुरू करायची आणि मोठी मुलं इथेच शिकून बाहेर पडेपर्यंत थांबायचं. तिसरा, मोठ्या रस्त्यावरून रेघ ओढून वस्तीची दोन शाळांत वाटणी करायची. इंग्रजी वर्गातल्या एका मुलाचे वडील उठून म्हणाले, “ही आमची जवळची शाळा आहे. तुमचा कार्यक्रम ऐच्छिक आहे, तुम्ही निवडलात. मग जायचं तर तुम्ही जा.” जिममध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्याच रस्त्यावरचे लोक होते, ज्यांच्या मुलांबरोबर आमची मुलं सायकली चालवतात.

कायद्याने ते गृहस्थ बरोबर होते. कॅनडाच्या 1982 च्या हक्कांच्या सनदेतलं 23 वं कलम अल्पसंख्य भाषिक पालकांना त्यांच्या भाषेत शिक्षणाचा हक्क देतं. ओंटॅरिओत फ्रेंच मातृभाषा असलेल्यांसाठी वेगळी फ्रेंच बोर्डं आहेत, ती या हक्कावर उभी आहेत. आमची मुलं त्यात बसत नाहीत. आमच्यासाठी फ्रेंच ही एक सोय आहे, आणि ती कुठे ठेवायची हे बोर्ड ठरवतं.

पण या सोयीचा उगम मला माहीत होता, आणि त्याने धीर दिला. 1965 साली क्वेबेकमधल्या मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या गावात पहिला इमर्शन वर्ग सुरू झाला. त्यासाठी भांडल्या त्या इंग्रजी बोलणाऱ्या आया. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील यांनी पालक गोळा केले, बोर्डाचा नकार पचवला, मॅकगिल विद्यापीठातल्या वॉलेस लॅम्बर्ट आणि वाइल्डर पेनफिल्ड यांच्यासारख्या जाणकारांची मदत घेतली आणि वर्ग मिळवला. दोन्ही भाषांना केंद्रात बरोबरीचं स्थान देणारा कायदा आला तो त्यानंतर, 1969 मध्ये. जो कार्यक्रम पालकांच्या चिकाटीतून जन्माला आला, त्याच्या हलवाहलवीत पालकांना फक्त नकाशे दाखवून चालणार नाही, असं मी त्या बैठकीनंतर मनाशी पक्कं केलं.

नकाशावर न दिसणारी एक गोष्ट आमच्या घरात होती. माझ्या सासूबाई दीर्घ मुक्कामाच्या सुपर व्हिसावर आमच्याकडे राहत होत्या. आम्ही दोघंही सकाळी लवकर बाहेर पडतो, म्हणून मुलांना शाळेत सोडणं-आणणं त्यांच्याकडे. त्यांना गाडी येत नाही, इंग्रजी जुजबी. पण शाळा चालत दहा मिनिटांवर आणि वाटेतला एकच चौक. बुटांना बर्फात न घसरण्याचे रबरी काटे लावायचे, साडीवर जाडजूड कोट, एका हाताला नातू, नात पुढे. चौकातल्या क्रॉसिंग गार्ड बाई त्यांना लांबूनच हात करायच्या. शाळेच्या कुंपणापाशी पंजाबी, गुजराती, तमिळ आज्या-आजोबा जमायचे आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांच्या गप्पा चालायच्या. परदेशात दिवसभर घरात कोंडून असलेल्या माणसाला हा केवढा आधार असतो, हे ज्यांच्या घरी आई-वडील येऊन राहिलेत त्यांना सांगायला नको. नवी शाळा सहा लेनच्या रस्त्यापलीकडे. चालत जाणं शक्यच नाही. बस मिळणार, पण ती सव्वासातला. शिवाय हिमवादळाच्या दिवशी इथे बस रद्द होतात आणि शाळा मात्र बऱ्याचदा उघडी असते. त्या दिवशी मूल न्यायचं कुणी?

दुसरा पर्याय ऐकायला सगळ्यात सौम्य वाटत होता. हळूहळू बदल, कुणाला उपटून काढायचं नाही. आमच्यासाठी तोच सगळ्यात कठीण होता. धाकटा पहिलीत नव्या शाळेत जाणार आणि मुलगी जुन्या शाळेत राहणार. घंटा दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी. शाळेच्या आधीचं आणि नंतरचं डेकेअर दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडे प्रतीक्षा यादी. तिसऱ्या पर्यायात मुलीचा वर्गच दुभंगत होता. वर्ग लहान झाले की तिसरी-चौथी एकत्र बसवतात. फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांची टंचाई तर सगळीकडेच आहे. लहानशा तुकडीची एक बाई रजेवर गेली तर बदली शिक्षक फ्रेंच जाणणारा मिळेलच असं नाही, आणि मग आठवडाभर गणित इंग्रजीतून चालतं. इमर्शनला मुलांची आणि शिक्षकांची एक किमान संख्या लागते. ती फोडली की उरते ती नुसती पाटी. म्हणून आम्ही बरेच पालक, वर्ग हलू नयेत असं वाटत असूनही, शेवटी म्हणू लागलो की हलवायचेच असतील तर सगळे एकत्र हलवा.

याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही मी ऐकलं, आणि त्यातलं एक अजून विसरले नाही. एका आईचा मुलगा स्वमग्न आहे. शाळेतला आवाज, रांगा, जेवणाची जागा अंगवळणी पडायला त्याला फार काळ लागला होता. ती रडली नाही, चिडली नाही. नवी शाळा सुरू होण्याआधी माझ्या मुलाला तिथे किती वेळा नेऊन आणता येईल, एवढंच तिने विचारलं. मंचावरच्या अधिकाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी प्रश्न लिहून घेतला.

दुसऱ्या बैठकीला रस्त्यापलीकडच्या शाळेचे पालकही आले. त्यांना वाटत होतं की आमची मुलं आली की त्यांची संगीताची खोली जाणार, ग्रंथालय अर्धं होणार, आणि काही वर्षांत इंग्रजी वर्ग एवढेसे उरतील की त्यांच्याच मुलांना हलवलं जाईल. ही भीती निराधार नाही. जिथे दोन्ही प्रवाह एका छताखाली चालतात, तिथे इमर्शन वाढत जातो आणि शेजारचे इंग्रजी वर्ग आकसतात, असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे. मला सगळ्यात जास्त राग आला तो इथे. जागा कमी पडल्या हा नियोजनाचा प्रश्न. पण त्याची मांडणी अशी झाली की एका वस्तीतले पालक दुसऱ्या वस्तीतल्या पालकांपुढे उभे राहिले, आणि ज्यांनी उत्तरं द्यायची ते नकाशा बदलत राहिले.

घरी मुलीला आम्ही सगळं सांगितलं. आधी सांगू नये असं आम्हा दोघांना वाटत होतं, पण सासूबाईंनी ऐकलं नाही. “अगं, पोरीला बाहेरून कळण्याआधी घरातून कळू दे,” म्हणाल्या. मुलीने एकच विचारलं, “मादाम पण येणार का?” इथे फ्रेंचच्या बाईंना मुलं मादाम म्हणतात. आम्ही मुख्याध्यापकांना विचारलं. शिक्षकांच्या बदल्या ज्येष्ठतेप्रमाणे आणि त्यांच्या संघटनेच्या कराराप्रमाणे होतात, त्यामुळे आत्ता सांगता येणार नाही, हे उत्तर मिळालं. तेच आम्ही तिला जसंच्या तसं सांगितलं.

बोर्डाच्या मतदानाआधी ट्रस्टींसमोर, म्हणजे बोर्डाच्या निवडून आलेल्या सदस्यांसमोर, बोलायची मुभा असते. आधी नाव नोंदवावं लागतं आणि मिनिटं मोजून मिळतात. आम्ही पालकांनी मुद्दे वाटून घेतले. मी आज्या-आजोबांचं बोलले, कारण ते कुणीच बोललं नव्हतं. या वस्तीत मुलांना शाळेत नेणारे किती जण गाडी चालवू शकत नाहीत हे तुमच्या अहवालात नाही, तेव्हा बसथांबा घराजवळ द्या आणि रस्ता ओलांडावा न लागेल असा द्या, एवढं मागितलं. दुसऱ्या एकांनी भावंडांचं मांडलं, तिसऱ्या बाईंनी डेकेअरचं, आणि त्या स्वमग्न मुलाच्या आईने आपला प्रश्न पुन्हा विचारला.

निर्णय झाला तो पहिल्या पर्यायाचा. वर्ग सगळे एकत्र गेले. पाचवीच्या मुलांना शेवटचं वर्ष जुन्या शाळेत काढायची मुभा मिळाली. बसथांबा आमच्या कोपऱ्यावर आला. ज्या मुलांना गरज आहे त्यांना जूनमध्ये आणि ऑगस्टच्या शेवटी नवी शाळा दाखवली गेली, त्यात तो मुलगाही होता. डेकेअरची हमी मात्र कुणी दिली नाही, आणि त्यापायी आमच्या ओळखीच्या दोन घरांनी मुलं इमर्शनमधून काढली. त्यातली एक मुलगी वर्गात सगळ्यात सुंदर फ्रेंच वाचायची. तिचा तो रस्ता आता बंद झाला, याचं मला आजही वाईट वाटतं. ते टाळता आलं असतं.

मुलगी पहिल्या महिन्यात रोज कुरकुरली, मग रुळली. जुन्या मादाम आल्या नाहीत, नव्या आवडल्या. जानेवारीत बस रद्द झाल्या तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या पालकांनी गाड्या वाटून घेतल्या. त्यांत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीही एक घर होतं. सासूबाईंची कुंपणापाशी जमणारी मंडळी मात्र तुटली. त्या आता कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंतच जातात.

तुमच्या बोर्डाकडून हद्दींच्या किंवा कार्यक्रमांच्या फेरविचाराची सूचना आली तर पहिल्याच बैठकीला जा. शेवटच्या बैठकीपर्यंत नकाशा जवळजवळ पक्का झालेला असतो. आपलं एकट्याचं गाऱ्हाणं न मांडता वर्ग एकत्र राहतील का, भावंडं एकत्र राहतील का, डेकेअर आणि बस कोण पाहणार, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा. इंग्रजी वर्गांच्या पालकांना आणि पलीकडच्या शाळेच्या पालकांना आधी भेटा. ट्रस्टी निवडायला नागरिकत्व लागतं, पण त्यांच्यासमोर उभं राहून बोलायला लागत नाही.